अमेरिकेत एलएलएम: जावं का, आणि गेलं तर तिथे नेमकं काय शिकवतात?

निशाणी_५ | ९ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

पुण्यात बीएसएल एलएलबी केलं, सनद मिळून चार वर्षं झाली. शिवाजीनगरला एका दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर आहे. वाटपाचे दावे, मनाईचे अर्ज, अधूनमधून लवादाचं काम. पुढे लवादातच शिरायचं आहे म्हणून एलएलएमचे, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सचे, अर्ज टाकले होते. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक न्यूयॉर्क शहरातलं, नावाजलेलं. फी ७५ हजार डॉलरच्या वर, स्कॉलरशिप शून्य. दुसरं मिडवेस्टमधलं, निम्मी फी माफ. राहणं, खाणं, विमा सगळं धरलं तर पहिलं कोटीच्या घरात जातं, दुसरं साधारण त्याच्या निम्म्यात. बाबा फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत. आई विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते.

आमचे सर म्हणतात, "तिथे जाऊन वेगळं काय शिकणार? शेवटी कॉमन लॉच ना तो." म्हणजे आपल्यासारखीच, इंग्लंडकडून आलेली पद्धत.

तर प्रश्न असे: पैसे वसूल होतात का? न्यूयॉर्कच्या बारचं, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवाना परीक्षेचं, काय? आणि सरांचं म्हणणं खरं आहे का? तिसरा प्रश्न कुणी गंभीरपणे घेत नाही, पण मला तोच जास्त छळतोय.

हडसनकाठ | १० मार्च, सकाळी ७:०५

निशाणीभाऊ, आयडी वाचून सकाळी सकाळी हसलो. बाकीच्यांसाठी: आपल्या दिवाणी कोर्टात निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दावा मेला तरी चालेल, निशाणी ५ वर हुकूम हवा, अशी वकिलांची तऱ्हा.

मी एलएलएम करून दहा वर्षं इथे आहे, न्यू जर्सीत राहतो. कडू आधी सांगतो.

एक वर्षाच्या एलएलएमवर इथे नोकरी मिळते हा समज काढून टाका. मिळते, पण अपवादाने. इथल्या मोठ्या फर्म आपली भरती तीन वर्षांची जेडी, म्हणजे इथली वकिलीची मूळ पदवी, करणाऱ्या पोरांतून करतात, तीही पदवीच्या खूप आधी. एलएलएमवाल्यांसाठी न्यूयॉर्कात मुलाखतींचा वेगळा मेळा भरतो, पण त्यातल्या बऱ्याच जागा परत आपापल्या देशातल्या ऑफिसांसाठी असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, बाहेर नाही. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काम करायची तात्पुरती परवानगी, मिळते ती १२ महिने. इंजिनिअर लोकांना वर आणखी २४ महिने मिळतात, कायदा त्या यादीत नाही. शिवाय त्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहिलात तर स्टेटस गेलं. पुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा: वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांना वेगळे २० हजार. एलएलएम त्यात धरतात, पण निवड शेवटी नशिबाचा खेळ. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला तो तुम्ही वाचलाच असेल. इथेच राहून एफ-१ वरून बदल करणाऱ्यांना तो लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण लहान फर्मचे मालक आदेश वाचून घाबरले, खुलासा कोण वाचतो.

आता फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. न्यूयॉर्कच्या बारला बसायला एलएलएम लागतंच असं नाही. तुमची पदवी कॉमन लॉच्या देशातली आणि कालावधीने इथल्या पूर्णवेळ कोर्सच्या तोडीची असेल तर थेट बसता येतं. दोन्हींपैकी एकच बाजू कमी पडली, तर २४ क्रेडिटच्या एलएलएमने ती भरून निघते. आधी बार परीक्षेच्या बोर्डाकडे कागद पाठवून पात्रता ठरवून घ्या. त्याला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून आजच. आणि कॅलिफोर्नियात तर आपल्याकडे सनद असलेला, प्रॅक्टिसमधला वकील एलएलएमशिवाय बसू शकतो. म्हणजे "बारसाठी एलएलएम" हे तुमचं कारण असेल तर कोटभर रुपये वाचले, घरी पेढे वाटा.

मुळाकाठी_मुक्काम | १० मार्च, सकाळी ९:२२

इतका नकारात्मक सूर कशाला? बाबासाहेब कोलंबियात कायदा शिकले तेव्हा त्यांनी ओपीटीचा हिशोब केला होता का? जा हो, बिनधास्त जा.

ग्रंथपाल | १० मार्च, सकाळी १०:१५

मुळाकाठी, सूर मान्य, तपशील अमान्य. बाबासाहेब कोलंबियात १९१३ ते १९१६ होते ते अर्थशास्त्रासाठी. १९१५ ला एमए, पीएचडीची पदवी हातात पडली १९२७ ला. बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून. कोलंबियाने त्यांना कायद्याची पदवी दिली ती १९५२ मध्ये, एलएल.डी., मानद. आणि हिशोबाचं म्हणाल तर सयाजीरावांची स्कॉलरशिप तीन वर्षांची होती, ती संपल्यावर त्यांना लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. हिशोब त्यांनाही सुटला नव्हता.

मुळाकाठी_मुक्काम | १० मार्च, सकाळी १०:३१

🙏 दुरुस्ती मान्य. लहानपणापासून भाषणांत तसंच ऐकत आलो.

सोलापुरी_चादर | १० मार्च, दुपारी १:५०

स्कॉलरशिपचं लिहिते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. मुंबईत जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, पण ती कर्जाऊ स्कॉलरशिप, म्हणजे पैसे फेडायचे. फुलब्राइट-नेहरूमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय असतो. मात्र फुलब्राइटवाले जे-१ व्हिसावर जातात आणि त्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट येते. ती पुरी केल्याशिवाय एच-१बी नाही. परत यायचंच असेल तर उत्तम.

आणि कागदपत्रांचा अनुभव फुकटात घ्या. गुणपत्रकं एलएसएसीकडे (अर्जांचे कागद गोळा करणारी अमेरिकन संस्था) पाठवायची असतात, विद्यापीठाने स्वतः पाकीट बंद करून, झाकणावर सही-शिक्का मारून. मी जिथे शिकले तिथल्या क्लार्कने पाकिटाला स्टेपलर मारला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की आता अजून काय सील करू. डिंक मी नेला, शाईचा पॅड मी नेला. पहिल्या वेळचं पाकीट तरी अमान्य झालंच, कारण शिक्का झाकणाच्या जोडावर न मारता मधोमध मारला होता. तीन महिने हातात ठेवा.

अजून एक. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, बाकी नावाचा वेगळा. व्हिसापासून बारपर्यंत सगळीकडे एकच क्रम धरून बसा, नाहीतर इथे तुम्हाला आयुष्यभर वडिलांच्या नावाने हाक मारतील.

निशाणी_५ | १० मार्च, रात्री १०:१२

सगळ्यांचे मनापासून आभार. हडसनकाठ, भाऊ नाही हो, ताई. 🙂 पात्रतेचा अर्ज आज भरायला घेतला. बारसाठी एलएलएम लागत नाही हे ऐकून बाबा एकदम खूश, "मग इथेच बसून दे की!" म्हणाले. मला मात्र वाईट वाटलं. म्हणजे मला बार नकोय, तिथला वर्ग हवाय, हे त्या क्षणी कळलं.

केसबुकवाली_काकू | ११ मार्च, सकाळी ६:३०

निशाणी, तुझं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी चाळिशीत एलएलएम केलं, मुलगा तेव्हा सातवीत होता. नोकरीचं हडसनकाठ म्हणतात ते सगळं खरं. पण तुझ्या सरांना सांग, तो "शेवटी कॉमन लॉच" नाही.

आपण कायदा शिकलो तो कलमांतून. कलम, त्याचे घटक, मग एखादा निवाडा. इथे उलट. १८७० मध्ये हार्वर्डला लँगडेल नावाचे डीन आले आणि त्यांनी ठरवलं की पोरांना नियम सांगायचा नाही, निवाडे द्यायचे, नियम त्यांनी शोधायचा. ते अजून चालू आहे. पहिल्या आठवड्यात कोल्हा असतो: रानात एकजण कोल्ह्यामागे धावतोय, दुसऱ्याने मध्येच येऊन मारला, कोल्हा कुणाचा? न्यूयॉर्क, १८०५. करारात केसाळ हात असतो: डॉक्टरने पोराच्या भाजलेल्या तळहाताला छातीची कातडी लावली, "शंभर टक्के चांगला हात" म्हणाला आणि तळहातावर केस उगवले. न्यू हॅम्पशायर, १९२९. मला वाटायचं हे काय पोरखेळ. पण त्या केसाळ हातावर दोन तास जातात: भरपाई कशाची मोजायची, आधीच्या हाताच्या तुलनेत की कबूल केलेल्या हाताच्या? आपला १८७२ चा करार कायदा मी तोंडपाठ म्हणू शकत होते. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

निम्मी फी माफ आहे तिथे जा. आणि पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर बसायला मिळतं का बघ, निदान एका विषयाला. फक्त एलएलएमच्या वर्गात सगळे आपल्यासारखेच पाहुणे असतात.

कोकणचा_कारकून | ११ मार्च, सकाळी ११:०८

वाचनखूण साठवली आहे. केसाळ हाताचं पुढे काय झालं ते सांगा, जेवण जात नाही.

केसबुकवाली_काकू | ११ मार्च, दुपारी १२:४५

कबूल केलेला हात आणि मिळालेला हात यांतला फरक, हे माप कोर्टाने ठरवलं. जेवा आता.

*(मधल्या ३१ प्रतिक्रिया: व्हिसाच्या तारखा, कोणत्या बँकेचा व्याजदर किती, प्रेशर कुकर नेऊ का)*

निशाणी_५ | १२ ऑक्टोबर, पहाटे ४:१५ (इथली आदली संध्याकाळ)

धागा वर काढतेय. मिडवेस्टला आले. काकूंचं ऐकून सिव्हिल प्रोसीजरला पहिल्या वर्षाच्या जेडीवाल्यांत बसले. परवानगीसाठी दोनदा मेल करावी लागली. मनात होतं, हा विषय तर आपला घरचा. चार वर्षं दिवाणी प्रक्रिया संहिता उशाशी घेऊन झोपलेय.

तिसऱ्या आठवड्यात माझा नंबर लागला. इथे हात वर करायचा नसतो, प्रोफेसर यादीवर बोट ठेवतात आणि उभं आडवं सोलतात. प्रकरण होतं पेनॉयर विरुद्ध नेफ, १८७८. ओरेगॉनमधला मिचेल नावाचा वकील. नेफ त्याचा जुना पक्षकार, फी बुडवून गेलेला. रक्कम ३०० डॉलरच्या आत. नेफ कॅलिफोर्नियात.

"तुम्ही वकील आहात ना? समजा तुम्ही मिचेल. काय कराल?"

मला इतकं सोपं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, समन्स काढीन. बजावणी झाली नाही तर पेपरात जाहीर समन्स. मुदतीत हजर नाही झाला तर एकतर्फी हुकूमनामा, मग दरखास्त, जप्ती, लिलाव. हे सगळं शिवाजीनगरला मी स्वतः केलंय, कुठल्या पेपरात जाहिरात स्वस्त पडते तेसुद्धा पाठ आहे.

"छान. मिचेलने नेमकं हेच केलं. समन्स एका धार्मिक साप्ताहिकात छापलं, हुकूमनामा घेतला, नेफची जमीन लिलावात स्वतःच घेतली आणि पुढे पेनॉयरला दिली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, सगळं रद्द. का?"

मी म्हटलं, नेफला नोटीस पोचली नाही म्हणून.

"समजा पोचली. कॅलिफोर्नियात नेऊन हातात दिली. मग चालेल?"

मी म्हटलं, चालेल.

"नाही चालणार."

वर्ग शांत. मी आमचं कलम २० सांगायला गेले, की दाव्याचं कारण जिथे घडलं तिथे दावा चालतो, प्रतिवादी दुसऱ्या राज्यात राहिना का. ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्या कोर्टांच्या मागे एकच सत्ता आहे. इथे पन्नास आहेत. ओरेगॉनला कॅलिफोर्नियात उभ्या असलेल्या माणसावर हात टाकायचा अधिकार कुणी दिला?"

बारा मिनिटं चाललं हे. मांडीवरच्या वहीवर घामाचा ठसा उमटला होता.

नंतर खोलीवर येऊन परत वाचलं. तेव्हा कळलं की हे सगळं अधिकारक्षेत्राचं प्रकरण अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या "ड्यू प्रोसेस" (न्याय्य प्रक्रिया) या दोन शब्दांवर उभं आहे. आणि हेच दोन शब्द आपण आपल्या घटनेत घेतले नाहीत! घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत येऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटले होते, त्यानंतर मसुद्यातून ते गेले आणि कलम २१ मध्ये "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" आलं. हे आम्ही घटनेच्या पेपरात टीप म्हणून लिहायचो, पाच मार्कांना. त्या गाळलेल्या शब्दांवर इथे सात-बारा उतरवून द्यावा तसं अख्खं शास्त्र रचलेलं आहे, हे आत्ता दिसलं. आपला शब्द १९७८ च्या मनेका गांधी निवाड्यानंतर बराच त्याच्या जवळ गेला, पण तो वैयक्तिक स्वातंत्र्यात. "तुमच्या कोर्टाला माझ्यावर सत्ता आहे का" हे प्रतिवादीने घटनेच्या नावाने विचारायचं, हे आपल्या डोक्यातच नाही.

सरांना फोन केला. म्हटलं, सर, कॉमन लॉ नाहीये तो. ते म्हणाले, "मग फी मिळाली का त्या मिचेलला?"

हडसनकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

ताई, सर भारी आहेत तुमचे. 😄

पुढे १९४५ चं इंटरनॅशनल शू येईल: प्रतिवादीचा त्या राज्याशी किमान संबंध आहे का, हे बघतात. आणि १९९० चं बर्नहॅम: न्यू जर्सीचा माणूस पोरांना भेटायला कॅलिफोर्नियात गेला, तिथे त्याच्या हातात घटस्फोटाचं समन्स ठेवलं, सुप्रीम कोर्ट म्हणालं वैध. पाय ठेवलास ना? मग आमचा.

कोकणचा_कारकून | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आणि विमानातून वरून गेला तर?

हडसनकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:१४

थट्टा करताय, पण तेही झालंय. ग्रेस विरुद्ध मॅकार्थर, १९५९. विमान आर्कान्सावरून उडत असताना प्रवाशाला समन्स दिलं. तिथल्या फेडरल कोर्टाने बजावणी ग्राह्य धरली.

कोकणचा_कारकून | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:१६

आमच्या बेलिफाला हे कळू देऊ नका, विमानभत्ता मागेल.

ताम्हणीपार | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

ज्युरीबद्दल कुणी लिहा ना. आपल्याकडे नानावटी खटल्याने ज्युरी बंद झाली, इथे दिवाणी दाव्यालाही ज्युरी असते म्हणतात.

ग्रंथपाल | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

एका खटल्याने बंद झाली असं नाही. मुंबईत १९५९ ला ज्युरीने नानावटींना सोडलं, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला, पण ज्युरी आधीपासूनच आटत चालली होती आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही. अगदीच नामशेष म्हणाल तर तेही नाही. मुंबईच्या पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशांबरोबर अजून समाजातले डेलिगेट, ज्युरीसारखे, बसतात. अमेरिकेत दिवाणी ज्युरीचा हक्क सातव्या घटनादुरुस्तीत आहे, रक्कम २० डॉलरच्या वर असली की झालं. तो आकडा १७९१ पासून बदललेला नाही.

निशाणी_५ | १३ ऑक्टोबर, पहाटे ५:०२

ज्युरी असते, पण बघायला मिळत नाही, कारण खटला तिथवर पोचतच नाही. बहुतेक दावे आधीच तडजोडीत मिटतात. खरी लढाई डिस्कव्हरीत. समोरच्याचे ईमेल, कागद, सगळं मागवायचं, आणि डिपोझिशन: कोर्टाबाहेर, ऑफिसात बसून, शपथेवर साक्षीदाराला प्रश्न. फेडरल नियमात एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास. आपल्याकडे उलटतपासात आलेलं उत्तर हे रहस्यकथेचं शेवटचं पान असतं. इथे ते पान आधीच वाचून सगळे कोर्टात जातात. आमच्या सरांना हे अजिबात आवडलं नाही.

आणि नावांची गंमत. न्यूयॉर्क राज्यात "सुप्रीम कोर्ट" म्हणजे दावा चालवणारं खालचं कोर्ट! सगळ्यात वरचं ते "कोर्ट ऑफ अपील्स". मी पहिल्या महिन्यात एक निवाडा सुप्रीम कोर्टाचा म्हणून ठणकावून सांगितला, प्रोफेसर म्हणाले, कुठल्या?

तशीच दुसरी गंमत, म्हणजे गंमत नाही, मला दोन दिवस लागले पचायला. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या वरिष्ठ कोर्टाचा. वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट त्यात बोलत नाही. १९३८ च्या एरी रेलरोड निवाड्यापासून तर फेडरल कोर्टात दोन वेगळ्या राज्यांच्या लोकांचा दावा गेला तरी कायदा लावायचा तो राज्याचा. देशभर लागू असा एकच कॉमन लॉ नाहीच, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दिल्लीने एकदा सांगितलं की संपलं, याची आपल्याला इतकी सवय.

केसबुकवाली_काकू | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

बघ, तुझं तुलाच उत्तर मिळालं. आता आउटलाइन (परीक्षेसाठी विषयाचं टिपण) करायला घे, थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस. परीक्षेत कलम लिहून मार्क मिळत नाहीत. एक लांबलचक गोष्ट देतात, त्यात वीसेक भानगडी पेरलेल्या. भानगड ओळख, नियम सांग, मग दोन्ही बाजूंनी भांड. मी पहिल्या पेपरात "म्हणून वादी जिंकेल" असं झटकन लिहून मोकळी झाले. प्रोफेसरने समासात लिहिलं होतं, "आणि प्रतिवादी काय म्हणेल?" सगळे मार्क त्या प्रश्नात होते.

वरचा_मजला | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:५५

वकिलीच्या नीतिमत्तेचा विषय घेतला का? तिथे वकील बसच्या पाठीवर जाहिरात करतात म्हणे.

निशाणी_५ | १४ ऑक्टोबर, पहाटे ४:४८

घ्यावाच लागतो, बारसाठी एलएलएमच्या २४ क्रेडिटवर विसंबणाऱ्यांना त्यातले दोन क्रेडिट या विषयाचे सक्तीचे. जाहिरात १९७७ च्या बेट्स निवाड्याने खुली झाली. आणि इथे वकील "जिंकलो तर तिसरा हिस्सा" अशी फी घेऊ शकतो, फौजदारी आणि घटस्फोटासारखी प्रकरणं सोडून. आपल्याकडे हे केलं तर सनद जाईल. वर्गात मी आमची बाजू मांडली. शेजारच्या मुलीने विचारलं, "मग ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत तो अपघाताचा दावा कसा लावतो?" मी म्हटलं, लीगल एड आहे. पुढे काय बोलावं ते सुचेना, कारण आमच्याकडे मोटार अपघाताच्या प्रकरणांत प्रत्यक्षात काय चालतं हे मला माहीत आहे आणि इथे लिहिणार नाही.

*(पान ३)*

निशाणी_५ | २ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

वर्षभराने परत. मागच्या आठवड्यात न्यूयॉर्क बारचा निकाल लागला. २७१. लागतात २६६. म्हणजे पाच मार्कांनी वाचले. आयडी सार्थ झाला.

परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले. जुलैअखेरचा मंगळवार-बुधवार. पहिल्या दिवशी नव्वद मिनिटांची दोन कामं, ज्यात फाइल देऊन मेमो किंवा अर्ज लिहायला लावतात, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा निबंध. दुसऱ्या दिवशी २०० बहुपर्यायी प्रश्न, सहा तास. मे महिन्यापासून दहा आठवडे रोज आठ-नऊ तास. परदेशी पदवीवाल्यांतले पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपासच पास होतात, हे डोक्यात ठेवा. दोन कामांची ती परीक्षा मला सोपी गेली, चार वर्षं रात्री अकराला आलेली ब्रीफ सकाळी साडेदहाला उभी करायची सवय. बहुपर्यायीने मारलं. चारांपैकी दोन उत्तरं बरोबर असतात आणि त्यातलं एक जास्त बरोबर असतं. शिवाय नीतिमत्तेची वेगळी परीक्षा (८५ लागतात), न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा आणि ५० तास विनामोबदला काम.

नोकरी: मोठी नाही. लहान ऑफिस, व्यापारी कराराची भांडणं, ओपीटीवर. पगारातून हप्ता जातो आणि खोलीचं भाडं जातं, उरतं ते लिहिण्यासारखं नाही. मार्चमध्ये एच-१बी बघू. नाहीच झालं तर पुण्यात परत, आणि मी ते पराभव म्हणून लिहीत नाहीये. आईने फ्लॅटच्या कागदांवर काय नवस बोललाय ते ती सांगत नाही.

पास झालं म्हणजे संपलं नाही. पुढे "कॅरॅक्टर अँड फिटनेस", म्हणजे वकिलीला लायक आहे का याची चारित्र्य तपासणी. जिथे जिथे कायद्याचं काम केलं त्या प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, नोटरीसमोर. सरांना व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, "फिटनेस म्हणजे, मेडिकल जोडायचंय का?"

मग कोर्टाच्या आवारात झाडाखालच्या टायपिस्टकडे बसून त्यांनी मजकूर सांगितला. नवीन ज्युनिअर मुलगा शेजारी उभा होता, त्याने मला सगळं ऐकवलं. टायपिस्टने आपल्या मनाने घातलं होतं की, सदर ज्युनिअरने चार वर्षांत कधीही विनाकारण तारीख मागितली नाही. सरांनी ते खोडायला लावलं. म्हणाले, शपथेवर आहे, न्यूयॉर्कचं कोर्ट वाचणार आहे. आणि स्वतःच्या हाताने वर लिहिलं, मग खोडाखोड चालत नाही म्हणून सगळं पान परत टाइप करून घेतलं:

"तिने तारखा मागितल्या. कारणं खरी होती."

लाल शिक्का मारून काल कुरिअर केलंय.

हडसनकाठ | २ नोव्हेंबर, सकाळी ७:०१

अभिनंदन ताई! शपथविधीला ऑल्बनीला जावं लागलं तर जाड कोट घ्या, हिवाळ्यात तिथे हाडं गोठतात. आणि सरांना एक फोटो पाठवा.

कोकणचा_कारकून | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

अभिनंदन! निशाणी ५ मंजूर.